पहिल्या गादीचा कापूस

या हो, असे पुढे सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर कानाला ऐकू येईल, पण आजची गोष्ट नुसत्या कानानं ऐकायची नाही. टाळीसाठी दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि पायातल्या चपला बाहेर काढल्या नसतील तर काढून या. पाय जमिनीला लागलेले बरे. नागपूरच्या इतवारीतल्या नत्थूजी गादीवाल्यांच्या घरी, त्र्याहत्तर सालच्या वैशाखात, एका पोरीचं बारसं झालं त्याची ही कथा. मधे जीव थोडा टांगणीला लागेल. पण भिऊ नका, देवानं शेवटी गोडच केलं.

सकाळी आठलाच ऊन अंगणात उतरलं होतं. सव्वा महिन्याच्या पोरीला मांडीवर घेऊन प्रेमलता ओसरीत बसली होती, आणि तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, मनोहरराव स्टुलावर चढून भिंतीवरचं पिंजण खाली काढत होते. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताठ तात. लाकडी मोगरीनं तात छेडायची, ती थरथरते आणि कापसाचे गड्डे त्या थरथरीनं फुलून येतात. दोन वर्षांपूर्वी दुकानात पिंजायचं मशीन आलं तेव्हापासून पिंजण भिंतीवरच होतं. एका कामापुरतंच ते खाली यायचं. घरात मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या गादीचा कापूस बापानं आपल्या हातानं पिंजायचा, आणि बारशाला मूल स्वतः उचलून त्या गादीवर ठेवायचं. नत्थूजींनी आपल्या दोन्ही मुलांसाठी हे केलं होतं. आता ते नव्हते, पण रीत होती.

पोरीचा बाप देवराव मात्र आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसलेला होता.

भासऱ्यांशी थेट बोलायची प्रेमलताला सवय नव्हती. तिनं जावेकडे पाहून विचारलं, “बाई, पिंजण काहून काढून राहिले ते?”

शोभाताई घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “ते म्हनतात, कापूस तेच पिंजतील. पोरीले बी तेच ठेवतील गादीवर.”

“मग काय करू वं?” मनोहरराव स्टुलावरूनच गरजले. “चार वाजता पन्नास मानसं येतील. पाहुन्यांसमोर तमाशा पाहिजे का तुमाले? त्याच्या हातातून पानी भरलेला लोटा पडते. पोर पडली त?”

प्रेमलताला ते वाक्य आतल्या खोलीत नवऱ्याच्या पाठीवर आदळलेलं दिसलं. त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले आणि तिथेच राहिले.

पौषात झालं होतं ते. मौद्याच्या रस्त्यावर एका जिनिंगच्या आवारात देवराव कापूस पाहायला गेला होता. गादीवाल्यांची जुनी सवय अशी, की गंजीच्या वरचा कापूस पाहायचा नाही, वरचा सगळ्यांचा चांगलाच असतो. पोटात हात घालून मधला काढायचा. देवराव वाकला, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि घराएवढी गंजी त्याच्यावर बसली. अर्धा तास तो खाली होता. मनोहररावांनी मजुरांसोबत दोन्ही हातांनी उपसून त्याला बाहेर काढलं. अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, काही झालेलं नाही. घरात देवाला साखर ठेवली.

चार दिवसांनी देवरावचं अंग थरथरलं. आधी हात, मग जबडा, मग गुडघे. आणि ज्या घरात पोटदुखीवरसुद्धा रजईचंच औषध, त्या घरानं काय केलं असेल? सासूबाई कांताबाई धावल्या, दुकानातली सगळ्यांत जड रजई आणून त्याच्यावर घातली. मनोहररावांनी दोन्ही मनगटं दाबून धरली. थोड्या वेळानं देवराव गप्प पडला. “पाह्यलं? उतरलं,” कांताबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंग थरथरलं, पुन्हा रजई आली. पौष गेला, फाल्गुन गेला, नागपूरचा वैशाख डोक्यावर आला, पत्रे तापून कडकड वाजायला लागले, तरी या घरात एक माणूस रजईखाली होता.

“मनोहर, खाली उतर गा.”

न्हाणीच्या दारात जिजाबाई उभी होती. पातळाचा ओचा खोचलेला, कोपरापर्यंत तेल. ही नत्थूजींची बहीण, देवरावची आत्या, राहणार पारशिवनीची. तिकडच्या पाच-सात गावांतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हाली होती. प्रेमलताला आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं, आणि त्यासाठी आत्याबाई सव्वा महिन्यापूर्वी आली ती बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर म्हणून पडली नव्हती. काल दुपारी पहिल्यांदा तिनं रजईचा तो प्रकार आपल्या डोळ्यांनी पाहिला. पाहिला, आणि रात्री जेवली नाही.

“आत्याबाई, तू मधात नको पडू,” मनोहरराव म्हणाले.

“मी काय म्हनून राहिली, ते पिंजन भितीवर टांग परत. नानाजीचं कीर्तन होईस्तोवर थांब. तवापर्यंत देवराव उठला नाही त तूच पिंज, तूच ठेव. मी एक शब्द बोलनार नाही.”

“तू अन् बोलनार नाहीस!” कांताबाई चुलीपाशून म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

मनोहरराव उतरले. पिंजण त्यांनी भिंतीवर टांगलं नाही; भिंतीला टेकवून ठेवलं, मोगरी जवळ. जिजाबाईनं तेवढ्यावर भागवलं.

दुपारी तिनं देवरावला अंगणात निंबाच्या सावलीत पाटावर बसवलं. तिळाचं तेल गरम करून आणायला प्रेमलताला सांगितलं, आणि ती वाटी ठेवून निघाली तेव्हा म्हणाली, “तू बस वं इथं. बाईनं ऐकावं असं आहे.”

आत्याबाईचे हात बोलायचे. लेकराच्या पाठीवरून फिरताना ते गुणगुणल्यासारखे फिरत. देवरावच्या पाठीवर ते एका जागी आले आणि थांबले. खांद्यांच्या मधे, जिथे मांस दगड झालं होतं.

“इथं काय ठेवलं गा?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? पायली भरून आहे.” तिनं दाबलं नाही. नुसता तळवा ठेवला. “बरं, पाय जमिनीले लागले का?”

“लागले.”

“पुरे टेकव. टाचेपासून. जमीन कशी आहे?”

“गरम.”

“अन् अंगठ्याखाली?”

“... खडा आहे एक.”

“राहू दे त्याले. त्याचं बी घर आहे हे.”

देवराव हसला. प्रेमलतानं पोर छातीशी घट्ट धरली. चार महिन्यांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता.

मग कुणी विचारलं नाही, आणि तो बोलायला लागला. पाठ आत्याकडे होती, म्हणूनच बोलला असावा. “लोक म्हनतात, कापूस हलका असते. आत्याबाई, लय वजन असते कापसाले. नाकात जाते. मी ओरडलो त आवाज तोंडातच राह्यला. मले हात हलवाचा होता. नुसता एक हात. हललाच नाही.” तो थांबला. “आता बी तसंच होते. अंग थरथराले लागलं का मले वाटते, आता हात हलते, आता मी निघतो बाहेर. अन् तेवढ्यात माय रजई आनून घालते. मी मंग पुन्हा खालीच.”

“मंग सांगितलं काहून नाही लेका?”

“कसं सांगू? पायाजवळ बसून रडते ती. रजई मायेनं घालते.”

जिजाबाईचे हात एकदाच थांबले. पदरानं तिनं नाक पुसलं, पदराला तेल लागलं, आणि तिनं ठेवणीतला विषय काढल्यासारखं विचारलं, “प्रेमलता, तुही पोर झाली तवा मंग काय झालं होतं?”

प्रेमलताला आठवलं. पोर बाहेर आली आणि तिचे पाय, मांड्या, दात सगळे कडकड वाजायला लागले होते. सासूबाई रजई घेऊन आल्या होत्या आणि आत्याबाईनं त्यांना दारातच अडवलं होतं: थंडी नाही वं हे, काम झालं म्हनून अंग सुटून राहिलं. थोड्या वेळानं थरथर आपोआप गेली, आणि इतकी शांत झोप लागली की पोरीचं रडणंही ऐकू आलं नाही.

“आमच्या पारशिवनीले बकरी पडली होती विहिरीत,” जिजाबाई पुन्हा तेल लावत म्हणाली. “वर काढली, त अशी थरथरली, अशी थरथरली, का तिचा मालक धोंडबा म्हने मरते आता. मरते कायची! थरथरून झालं, अंग झटकलं, अन् त्याच्याच धोतराचा सोगा खाऊन राहिली. देवरावा, पिंजनाची तात थरथरते तवाच गड्डा फुटते ना? दाबून ठेवलेला कापूस कधी मोकळा झाला का? तू त गादीवाल्याचा पोरगा. तुले मी काय सांगू?”

देवरावचे खांदे कानांपासून बोटभर खाली आले. प्रेमलतानं ते मोजलं.

चार वाजता अंगण भरलं. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पाणी मारलं होतं, पाळण्याला झेंडूच्या माळा, बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. नानाजी कीर्तनकार आले. धिप्पाड देह, पांढरी दाढी, आणि पायात इतका ताल की ते बसले तरी पाट हलायचा. अपघात होईपर्यंत देवराव त्यांच्या मागे झांज वाजवायचा. आज ती झांज त्यांनी स्वतः आणली होती, आणि आल्याआल्या जिजाबाईनं त्यांना कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं होतं. प्रेमलताला एवढंच ऐकू आलं, “थांबायचं नाही नानाजी, काही झालं तरी. अन् पोराच्या श्वासाले धरून चाला.”

“आत्याबाई, चाळीस वर्षं देवाच्या श्वासाले धरून चाललो,” नानाजी म्हणाले. “हा त त्याचाच.”

कीर्तन उभं राहिलं. काय सांगू महाराज, त्या दिवशी नानाजींच्या गळ्यात काय बसलं होतं! लेकराच्या पहिल्या पावलाचं वर्णन त्यांनी लावलं आणि बायका हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग नामाचा गजर. विठ्ठल, विठ्ठल. पन्नास माणसांच्या टाळ्या, शंभर पाय. सारवलेली जमीन खालून घुमायला लागली.

नानाजींनी चालता चालता झांज निंबाखाली पाटावर बसलेल्या देवरावच्या मांडीवर ठेवली आणि पुढे गेले. घेच म्हणाले नाहीत.

देवरावनं ती उचलली. एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा नुसती खणखणली, कारण त्याचे हात थरथरायला लागले होते.

हात, मग जबडा, मग गुडघे. माणसं मागे सरकली. “उठवा त्याले,” मनोहरराव ओरडले आणि पुढे होऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं. आणि दारातून, पन्नास पाहुण्यांच्या मधून वाट काढत, कांताबाई आल्या. कडेवर लेकरू घ्यावं तशी त्यांनी लाल रजई छातीशी धरली होती.

जिजाबाई मधे उभी राहिली. दोन्ही हात पसरून. “वहिनी, आज नाही.”

“सर बाजूले! माह्या पोराले थंडी भरली!”

“वैशाख आहे वं वहिनी. थंडी कायची? तो गंजीखालून निघून राहिला. आपनच त्याले रोज पुरून राहिलो.”

कांताबाईंना कळलं नाही. मग कळलं. ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावर येताना प्रेमलतानं पाहिलं, आणि तिला ते पाहवेना. रजई सासूबाईंच्या हातातच राहिली. ठेवावी कुठे तेही त्यांना सुचेना. तेव्हा शोभाताई उठली. सकाळपासून जी मान खाली घालून हरभरे निवडत होती, तीच. तिनं सासूच्या हातातून रजई अलगद घेतली, तिची घडी करून जमिनीवर टाकली, आणि सासूला त्यावर बसवलं. “बसा आई. इथून चांगलं दिसते.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अन् तुमी बी हात सोडा त्याचा.”

मनोहररावांनी लग्नाच्या बारा वर्षांत बायकोचा हा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी हात सोडला.

नानाजी थांबले नव्हते. चाल मात्र त्यांनी उतरवली होती. एक पाय, दुसरा पाय. विठ्ठल. श्वास. विठ्ठल. श्वास. लोकांच्या टाळ्याही हळू झाल्या, कुणी सांगितलं नाही तरी. प्रेमलता पोरीला घेऊन नवऱ्यासमोर खाली बसली, हात लावला नाही, नुसती बसली. “अहो, पाय टेकवा,” ती म्हणाली. “जमीन कशी आहे?”

त्याचे दात वाजत होते. “घुमून... राहिली.”

“थरथरू द्या. कोनी काही घालत नाही अंगावर.”

आणि देवराव थरथरला. खांद्यापासून बोटांपर्यंत, पाठीपासून टाचांपर्यंत, मोगरी पडलेल्या तातेसारखा. उजवा हात त्यानं एकाएकी वर फेकला. सरळ वर, जणू डोक्यावरचं काही फाडून. तोंडातून आवाज निघाला, मोठा, ओबडधोबड, पौषात आत राहून गेलेला. नंतर रडू. नंतर, लोक सांगतात आणि प्रेमलताही सांगायची, त्याला जांभई आली. एवढी मोठी, की पुढच्या रांगेतल्या तिघांना लागली. अंग हळूहळू निवलं. कपाळावर घाम, गालावर लाली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, जसं कुणी दुपारच्या झोपेतून उठून पाहतं.

“माय,” तो म्हणाला, “पाटोडी झाली का वं? लय भूक लागली.”

अंगण एकदम हसलं. कांताबाई रजईवर बसल्या बसल्या हसत होत्या आणि रडत होत्या, आणि दोन्हीचा हिशेब न लावता म्हणत होत्या, “झाली रे राजा, कवाची झाली!”

पाटोडी मात्र त्यानं थांबवली. उठला, भिंतीशी गेला, पिंजण घेतलं. तूंव, तूंव. तात बोलायला लागली. हात अजून थोडे हलत होते. त्या हलण्यानंच मोगरी सुरेख पडत होती की काय कोण जाणे, गड्डे असे फुलले की ओसरीत ढग उतरल्यासारखं झालं. नाकाशी कापसाचा एक तंतू उडाला तेव्हा तो दचकला. थांबला. टाच जमिनीवर टेकवली. पुन्हा तूंव. नानाजींनी त्या आवाजाला धरून गजर लावला.

शोभाताईनं गादी भरली, जिजाबाईनं टाके घातले. सूर्य कलताना देवरावनं प्रेमलताच्या मांडीवरून पोर उचलली. अख्खं अंगण श्वास धरून होतं. पोरीनं बापाकडे पाहिलं, त्याच्या बनियनची पट्टी मुठीत धरली आणि सोडलीच नाही. गादीवर ठेवायला त्याला वाकूनच राहावं लागलं. “आता काय करू?” त्यानं विचारलं.

“राहा तसाच,” जिजाबाई म्हणाली. “तिचं झालं का सोडन ते.”

मग पोरीला सख्खी आत्या नव्हती म्हणून तो मान घेऊन बापाची आत्या जिजाबाई पोरीच्या कानाशी लागली, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, कुर्रर्र झालं, आणि पोरीचं नाव कौसल्या पडलं.

त्या गलक्यात मनोहरराव बाजूला उभे होते. प्रेमलताचं लक्ष गेलं, कारण त्यांच्या हातातली घुगऱ्यांची वाटी वाजत होती. त्यांनी वाटी खाली ठेवली. हात धोतरात लपवले. हात राहीनात. अर्धा तास ज्या हातांनी गंजी उपसली होती, नखं फाटेपर्यंत, आणि मग चार महिने भावाची मनगटं दाबून धरली होती, ते हात. “मीच पाठवलं होतं तुले त्या दिवशी,” ते कसंबसं म्हणाले. “मीच म्हटलं, मधला कापूस पाह्य.”

देवराव त्यांच्यासमोर आला. हात धरले नाहीत. त्यांच्या पायांशी आपले पाय टेकवून उभा राहिला.

“होऊ दे दादा,” तो म्हणाला. “चांगलं असते हे. मंग भूक लागते.”

कांताबाई रजईवरून उठल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “पाहून काय राहिले?” त्या म्हणाल्या. “मी रजई नाही आनत. पाटोडी आनतो म्हटलं, दोघांसाठी.”

ती लाल रजई पुढे त्या घरात कुणाच्या अंगावर गेली नाही. कीर्तनाला नानाजींची बैठक म्हणून ती अंथरली जायची, आणि कौसल्येची लेकरं तिच्यावर कोलांट्या मारायची.

जिजाबाई बारशानंतर आठव्या दिवशी पारशिवनीला परत गेली. तिथे न्हाऊ घालायला लेकरं वाट पाहत होती. तिचा फोटो कुणाकडे नाही. तिळाच्या तेलाचा वास तेवढा आहे. म्हणून ऐकणाऱ्यांना एकच विनवणी. कधी कुणाचं अंग थरथरताना दिसलं आणि मायेनं हात पांघरुणाकडे गेला, तर क्षणभर थांबा, आपले पाय जमिनीवर नीट टेकवा, आणि दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिलेल्या आमच्या जिजाबाईची एकदा आठवण करा.